भुवनेश्वरचे मासे आणि हेरवाडचा ठराव

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये एक ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढून घ्यायची, हे यापुढे आपल्या गावात व्हायचं नाही, असा तो ठराव. त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. तेव्हापासून या विषयावर जिथे जिथे वाद ऐकला, तिथे तो एकाच चाकोरीतून गेला. एक जण म्हणतो, प्रत्येक समाजाच्या मनाची घडण वेगळी, नीतीची मापं वेगळी, शहरातल्या शिकलेल्यांनी पाश्चात्त्य मापं गावावर लादू नयेत. आणि आता तर पाश्चात्त्य संशोधकच सांगताहेत की त्यांचं मानसशास्त्र त्यांच्यापुरतं आहे. दुसरा म्हणतो, माणूस इथून तिथून सारखाच, नीती एकच, बाकी सगळा अडाणीपणा. पहिला त्या संशोधनातलं अर्धंच सांगतो आणि दुसरा ते विचारातच घेत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. संस्कृती माणसाचं मन घडवते, अगदी आतपर्यंत घडवते, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून संस्कृतीच्या नावाने दिलेला निवाडा शेवटचा ठरतो, हे मला अजिबात मान्य नाही. ज्या अभ्यासांचा हवाला देऊन रूढींचं समर्थन केलं जातं, तेच अभ्यास शेवटपर्यंत वाचले तर त्यातून रूढी मोडणाऱ्यांचा हात बळकट होतो.

आधी खरं ते खरं म्हणू. विसाव्या शतकातल्या मानसशास्त्राने ‘माणूस’ म्हणून ज्याचं वर्णन केलं, तो बहुतेक वेळा अमेरिकेतला कॉलेजचा विद्यार्थी होता. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये सहा नामांकित अमेरिकी नियतकालिकांतल्या अभ्यासांचा हिशेब मांडला. ज्यांच्यावर ते अभ्यास झाले त्यांच्यातले ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले, एकट्या अमेरिकेतले ६८ टक्के. जगाच्या लोकसंख्येत या देशांचा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास. दोन वर्षांनी जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेनझायन यांनी पुढचा प्रश्न विचारला: हे बारा टक्के लोक बाकीच्यांसारखे तरी आहेत का? उत्तर आलं की अनेक बाबतींत तेच अपवाद आहेत. दोन सारख्याच लांबीच्या रेषा घ्यायच्या, एकीच्या टोकांना बाणाची पाती आत वळवायची, दुसरीच्या बाहेर. दुसरी लांब दिसते. पुस्तकात हा मानवी डोळ्याचा भ्रम म्हणून शिकवतात. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या सान लोकांना तो जवळजवळ होतच नाही. तीच गोष्ट वाटपाच्या खेळाची. एकाच्या हातात रक्कम द्यायची, त्यातले किती दुसऱ्याला द्यायचे ते त्याने ठरवायचं, आणि दुसऱ्याने नाकारलं तर दोघांनाही काही मिळणार नाही. अमेरिकेतली माणसं निम्म्याच्या जवळपास देतात, आणि फारच कमी पुढे आलं तर समोरचा रागाने नाकारतो. हेन्रिक यांनी पेरूच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या माचिगेंगा लोकांत हाच खेळ मांडला तेव्हा सरासरी २६ टक्के दिले गेले आणि घेणाऱ्यांनी ते जवळजवळ दर वेळी घेतलेही. अनोळखी माणसाने आपल्याला अर्धं द्यायलाच हवं, नाहीतर तो अन्याय, ही कल्पना त्यांच्या मनात मुळी नव्हती. जी गोष्ट आपल्याला उपजत न्यायबुद्धी वाटते, तिच्यातही शिकवणुकीचा केवढा हात आहे हे यातून कळतं.

याहून मोठी चूक नीतीच्या अभ्यासात झाली, आणि ती आपल्यासारख्या समाजांवर अन्याय करणारी होती. लॉरेन्स कोलबर्ग यांनी शिकागोतल्या मुलांवर केलेल्या अभ्यासातून नैतिक विचाराच्या सहा पायऱ्या लावल्या. कुटुंबाला, गावाला, जवळच्या माणसाला धरून जो विचार करतो तो मधल्या पायऱ्यांवर. अमूर्त तत्त्वाला धरून जो बोलतो तो वर. जॉन स्नेरी यांनी १९८५ मध्ये २७ समाजांतल्या ४५ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा गावखेड्यांतल्या समाजांत वरची पायरी जवळपास कुठेच आढळली नाही. मग जगातली सगळी गावं नैतिकदृष्ट्या अर्धवट वाढलेली, असं मानायचं? जोन मिलर आणि डेव्हिड बर्सॉफ यांनी १९९२ मध्ये म्हैसूर आणि अमेरिकेतल्या न्यू हेवन इथल्या लोकांना एक पेच घातला. जिवलग मित्राचं लग्न आहे, अंगठ्या तुमच्याकडे आहेत, स्टेशनवर तुमचं पाकीट मारलं गेलं, आणि बाकावर कुणाच्या तरी कोटात तिकीट दिसतंय. घ्यायचं का? म्हैसूरच्या बहुसंख्यांनी सांगितलं, घ्यायचं, मित्राला तोंडघशी पाडता येणार नाही. न्यू हेवनमध्ये अशांची संख्या निम्म्याहूनही कमी होती. म्हैसूरकरांना चोरी वाईट हे कळत नव्हतं असं नाही. शब्द दिलेल्या माणसाला अडचणीत सोडणं त्यांच्या लेखी त्याहून वाईट होतं. ही खालची पायरी कशी? आजारी सासूसाठी नोकरी सोडणाऱ्या बाईचा, भावाच्या कर्जाला जामीन राहणाऱ्या माणसाचा विचार मोजायला ती पट्टी अपुरी होती. इथवर मी पहिल्या बाजूच्या खांद्याला खांदा लावून उभी आहे.

त्यांचा सगळ्यात अवघड मुद्दा मात्र प्रयोगशाळेतला नाही. तो मी घरात पाहिला आहे. आत्याचे यजमान ती बत्तीस वर्षांची असताना गेले. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात हळद दळायला जातं मांडलं होतं. जात्याच्या खुंट्याला आंब्याची डहाळी बांधलेली, पाच सवाष्णी बसलेल्या, ओव्या चाललेल्या. ओव्या आत्याइतक्या कुणालाच पाठ नव्हत्या. ती माजघराच्या उंबऱ्याअलीकडे उभी राहून एकेक ओळ सांगत होती आणि जात्यावरच्या बायका ती उचलत होत्या. मी तिचा हात धरून म्हटलं, चल, तूही बस. तिने हात सोडवून घेतला. कुणी तिला अडवलं नव्हतं, कुणी डोळे वटारले नव्हते. “नको गं, पोरीचं लग्न आहे,” एवढंच म्हणाली. आता सांगा, इथे जुलूम करणारा कोण? तिला खरोखर वाटत होतं की आपला हात लागला तर भाचीच्या संसाराला बाधा येईल. ते तिचं प्रेम होतं. बाहेरून कुणी येऊन तिला म्हणावं की बाई, तुझ्यावर अन्याय होतोय, तर तिला तो आपला अपमान वाटला असता. संस्कृती मनात किती खोल उतरते हे मला कुठल्याही शोधनिबंधाआधी त्या उंबऱ्यावर कळलं.

हाच पेच एका अभ्यासात अगदी स्पष्ट मांडला गेला आहे. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वरच्या जुन्या मंदिरवस्तीतले लोक आणि शिकागोच्या हाइड पार्क भागातले लोक यांना ३९ प्रसंग दिले आणि त्यातलं काय चूक ते विचारलं. हा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली: भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांच्या लेखी हे जवळजवळ सगळ्यात घोर पाप, शिकागोच्या मुलांच्या लेखी त्याची खासगी बाब. ओळखीतली विधवा आठवड्यातून दोन-तीनदा मासे खाते: भुवनेश्वरला हे पाप, शिकागोला यात प्रश्नच नाही. बायको नवऱ्याला न सांगता एकटी सिनेमाला गेली, त्याने बजावलं, ती पुन्हा गेली आणि त्याने तिला बेदम मारलं: शिकागोला नवरा गुन्हेगार, भुवनेश्वरच्या बहुतेकांना त्याचं चुकलं असं वाटलं नाही. आपल्या वादातला पहिला पक्ष इथेच थांबतो आणि म्हणतो, बघा, दोन जगं, दोन नीती. पण त्याच यादीत असेही प्रसंग होते जिथे दोन्हीकडचे लोक एका सुरात बोलले. वाटेत निजलेल्या कुत्र्याला विनाकारण लाथ मारणं, शेजाऱ्याच्या बागेतली फुलं चोरणं, दिलेला शब्द मोडणं, हे ओडिशातही वाईट आणि अमेरिकेतही वाईट. ही अर्धी यादी सांगायचीच नाही, हे प्रामाणिकपणाचं नाही.

आणखी एक गोष्ट या अभ्यासात आहे, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. विधवेने मासे का खाऊ नयेत, असं विचारल्यावर भुवनेश्वरच्या लोकांनी ‘ही आमची पद्धत आहे’ असं सांगितलं नाही. त्यांनी कारणं दिली. मासे उष्ण, त्याने वासना चाळवते, तिच्या हातून काही वावगं होईल, नवऱ्याच्या आत्म्याला क्लेश होतील. त्यांच्या दृष्टीने हा नियम जगातल्या कुठल्याही विधवेला लागू होता. इतर लोक पाळत नाहीत ते त्यांचं चुकतं. म्हणजे ‘त्यांची नीती त्यांच्यापुरती’ हे वाक्य ज्यांच्या बाजूने म्हणून बोललं जातं, त्यांनाच ते कबूल नाही. ते खरं-खोटं बोलताहेत, आणि आपण त्यांना सांगतो की तुमचं बोलणं म्हणजे नुसती तुमची चालरीत. हा आदर आहे? मला तर हा त्यांना चर्चेतून उठवून लावण्याचा प्रकार वाटतो. ज्याने कारण दिलं त्याच्याशी बोलता येतं. मासे खाल्ल्याने वासना चाळवते हे खरं असेल, तर विधुरांना मासे का चालतात? आत्म्याला क्लेश होतात, तर ते बायको गेल्यावर दुसरं लग्न करणाऱ्या पुरुषाच्या पहिल्या बायकोच्या आत्म्याला होत नाहीत का? हे प्रश्न विचारायला शिकागोला जावं लागत नाही. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर जन्मलेलं मूल मारल्याचा खटला झाला, तेव्हा सगळीकडे स्त्रियांच्या चारित्र्यावर टीकेची झोड उठली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये त्याला उत्तर दिलं आणि पुरुष स्वतः जे सर्रास करतात त्याबद्दल बायकांनाच शिक्षा का, असं थेट विचारलं. त्यांचं मन त्याच संस्कृतीने घडवलं होतं ना?

तेव्हा प्रश्न असा येतो की ‘आमची संस्कृती’ म्हणताना त्या ‘आम्ही’मध्ये कोण कोण असतं. जोनाथन हाइट यांनी सिल्व्हिया कोलर आणि मारिया डायस यांच्यासह १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्राझीलमधली रेसिफे आणि पोर्तो अलेग्रे आणि अमेरिकेतलं फिलाडेल्फिया अशी तीन शहरं. प्रत्येकात सुस्थितीतले आणि गरीब, मोठे आणि लहान असे लोक निवडले, एकूण ३६०. कुणाचं नुकसान होत नाही पण किळस येते असे प्रसंग त्यांना सांगितले, उदाहरणार्थ जुन्या राष्ट्रध्वजाच्या चिंध्यांनी संडास पुसणं. अपेक्षा होती की ब्राझील आणि अमेरिका यांच्यात दरी दिसेल. दरी दिसली, पण त्याहून मोठी दरी प्रत्येक शहरातल्या सुस्थितीतल्या आणि गरीब लोकांमध्ये होती. देश एक, शहर एक, आणि नीतीचा विचार दोन. मग ब्राझीलची नीती कुठली?

आपल्याकडे याचा पुरावा शोधायला प्रयोग करायची गरज नाही. ‘विधवेने पुन्हा लग्न करू नये ही हिंदू संस्कृती’ हे वाक्य एकोणिसाव्या शतकात इतक्या वेळा बोललं गेलं की ते खरं वाटायला लागलं. प्रत्यक्षात कुणबी, माळी, धनगर अशा कष्टकरी जातींत पाट लावण्याची चाल पिढ्यान् पिढ्या होती. विधवेचं लग्न तिथे राजरोस होत होतं. विधवाविवाहाला १८५६ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली, तीसुद्धा ज्या वरच्या जातींत तो निषिद्ध होता त्यांच्यासाठी. केशवपन आणि अलवण, म्हणजे विधवेने नेसायचं लाल लुगडं, हे मूठभर घरांचं वास्तव होतं, पण ती घरं लिहिणारी, छापणारी, कोर्टात बोलणारी होती, म्हणून त्यांची रूढी ती सगळ्यांची संस्कृती ठरली. पुढे जसजशी एखादी जात वर सरकायला लागली तसतसा तिने पाट सोडला. संस्कृतीच्या रक्षणाच्या नावाखाली इथे बहुसंख्यांची जुनी चाल बुडाली, हे आज कितीजणांना ठाऊक असतं?

याच मुद्द्यावर रखमाबाईंचा खटला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे, दादाजी भिकाजींकडे, नांदायला जायला नकार दिला. दादाजींनी १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगात जाईन म्हणून सांगितलं. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांच्यावर त्या वेळी आरोप हाच होता की पाश्चात्त्य शिक्षणाने मुलगी बिघडली, धर्म बुडवायला निघाली. पण बायकोला कोर्टामार्फत घरी आणण्याचा तो दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. ती इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतून आलेली तरतूद होती, आणि पिन्हींनी आपल्या निकालात हे नोंदवलंही होतं. संस्कृती वाचवायला निघालेले लोक एका विलायती कलमाच्या आधाराने लढत होते. आणि रखमाबाईंची आई? त्या सुतार समाजातल्या, विधवा झाल्यावर त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं होतं, आपल्या जातीच्या रीतीने. कुठली संस्कृती आपली आणि कुठली परकी, हे त्या खटल्यात जसं उलटंपालटं झालं तसं ते बहुतेक वेळा होतं.

इथे समोरच्या बाजूचा एक सल मी हलका लेखणार नाही. परक्या सत्तेने ‘तुम्हाला सुधारतो’ म्हणत लुटलं, हे आपण भोगलं आहे. १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा आला, मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा झालं. त्याला लोकमान्य टिळकांनी जो कडवा विरोध केला त्यामागे ही धास्ती होती की आज हे सरकार घरात शिरलं तर उद्या कुठे थांबेल. ती धास्ती निराधार नव्हती. १९४७ मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांना निवेदन पाठवलं की मानवी हक्कांचा जाहीरनामा करताना पाश्चात्त्यांची मूल्यं जगावर लादू नका. ते मुख्यतः मेलव्हिल हर्स्कोव्हिट्स यांनी लिहिलं होतं. बाणांच्या रेषांचा भ्रम वेगवेगळ्या समाजांत तपासणाऱ्या संशोधकांत तेही होते. हेतू चांगला होता, वसाहतींतल्या माणसांच्या बाजूचा होता. पण त्याच सुमारास त्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्यांत कोण बसलं होतं? चीनचे पी. सी. चँग, लेबनॉनचे चार्ल्स मलिक, आणि भारताच्या हंसा मेहता. पहिल्या कलमात सगळे ‘पुरुष’ जन्मतः स्वतंत्र आणि समान असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती. हंसाबेनच्या आग्रहाने तिथे ‘सर्व मानव’ आलं. ज्या मूल्यांना पाश्चात्त्य म्हणून बाजूला सारायचं, त्यांचा तो शब्द सुरतेत जन्मलेल्या आणि मुंबईत काम केलेल्या बाईने घालून घेतला आहे. १९९९ मध्ये त्याच मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने आपली भूमिका बदलली आणि मानवी हक्कांच्या बाजूने जाहीरनामा काढला. टिळकांच्या धास्तीला उत्तरही त्यांच्याच काळात मिळालं होतं: आगरकर तुरुंगात टिळकांबरोबर राहिलेले, इंग्रजांचे चाहते नव्हेत, आणि ‘सुधारक’ या आपल्या पत्रातून ते संमतीवयाच्या त्याच कायद्याच्या बाजूने लिहीत होते. मुलगी दहा वर्षांची असताना तिच्या देहाचं काय होतं, हा प्रश्न विचारणारा कोण आहे त्याने त्याचं उत्तर बदलत नाही.

मनाच्या घडणीचं संशोधन सुधारकांच्या बाजूचं आहे असं मी म्हटलं, ते का, हे आता सांगते. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूरमध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. माणसाच्या वागण्याचं कारण लोक कशात शोधतात, हे त्यात पाहिलं. मोटारसायकलचा अपघात होतो, चालवणारा वकील मागे बसलेल्याला दवाखान्यात सोडतो आणि आपण कोर्टात निघून जातो. अमेरिकन प्रौढ म्हणाले, बेजबाबदार माणूस. म्हैसूरचे प्रौढ म्हणाले, अशिलाचं काम होतं, कोर्टाची वेळ होती, आणि तो गोंधळलाही असेल. पण आठ वर्षांची मुलं घेतली तर दोन्हीकडची उत्तरं जवळपास सारखीच होती. वय वाढत गेलं तशी वाट फुटत गेली. म्हणजे हा फरक रक्तातून येत नाही. तो घरात, शाळेत, जात्यापाशी, उंबऱ्यापाशी रोज थोडा थोडा शिकवला जातो. आणि जे शिकवलं जातं ते वेगळंही शिकवता येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितलं की घटनात्मक नीती ही माणसाची नैसर्गिक भावना नाही, तिची मशागत करावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. हा विचार त्यांनी ग्रोट या इंग्रज इतिहासकाराकडून घेतला होता, आणि घेतला म्हणून तसं स्पष्ट सांगितलंही होतं. मन उपजत तयार असतं असं मानणारा माणूस मशागत करायच्या भानगडीत पडत नाही. संस्कृती मन घडवते हे ज्याला खरोखर पटलं, तोच बी कुठे आणि कसं पेरायचं याचा विचार करतो.

आणि म्हणूनच वादातल्या दुसऱ्या बाजूवर, ‘नीती एकच, बाकी अडाणीपणा’ म्हणणाऱ्यांवर, माझा राग आहे. ही माझ्याच बाजूची माणसं, पण त्यांनी कामाचं नुकसान केलं आहे. आत्याला अडाणी म्हणून तुम्ही तिच्या मनापर्यंत पोचणार नाही. १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी समाजाने विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. जोतीराव फुल्यांच्या विचारांचे हे सत्यशोधक लोक ब्राह्मण विधवांना व्याख्यान द्यायला गेले नाहीत. ज्या हातांनी ते काम होत होतं त्या हातांशी ते बोलले, आणि बोलले ते त्या हातांच्या भाषेत: ही आपली बहीण, आपण हे पाप का करायचं? पाप, बहीण, हात, हे सगळे शब्द संस्कृतीतलेच. हेरवाडचा ठराव गावसभेत झाला म्हणून त्याला वजन आलं. कोर्टाने सांगितलं असतं तर गावाने ऐकल्यासारखं केलं असतं. ठरावात शिक्षा नाही, ही त्यातली उणीव म्हणून दाखवली जाते. मला ती तितकीशी वाटत नाही, कारण विधवेच्या बांगड्या फोडायला येतात त्या शेजारच्या बायका, आणि त्यांच्यावर खटला भरून काय साधणार?

आत्याचं अजून एक सांगायचं राहिलं. त्या लग्नानंतर काही वर्षांनी तिचा थोरला मुलगा अपघातात गेला. घर माणसांनी भरलं होतं. बाहेर तयारी चालली होती आणि आत चार बायका सुनेच्या बांगड्या उतरवायला, म्हणजे फोडायला, आल्या. आत्याने सुनेचे दोन्ही हात आपल्या पदराखाली घेतले. “हिला हात लावायचा नाही,” म्हणाली. एक वयस्कर जाऊ काहीतरी बोलली, तशी आत्या म्हणाली, “ही माझ्या घरची लक्ष्मी आहे. लक्ष्मीचे हात रिकामे करायचे असं कुणी सांगितलं?” कुठल्याही ग्रामसभेचा ठराव तेव्हा झाला नव्हता. तिने हक्क, समता असला एकही शब्द उच्चारला नाही, तिला ते शब्द येतही नव्हते. ज्या घडणीने तिला उंबऱ्याअलीकडे उभं केलं, त्याच घडणीतून तिने लक्ष्मी हा शब्द काढला आणि तो ढालीसारखा धरला. ती संस्कृतीच्या आत होती की बाहेर? ‘त्यांची नीती त्यांच्यापुरती’ म्हणणाऱ्यांना त्या दिवशी त्या खोलीत कुणाची बाजू घ्यावी लागली असती, पदर धरलेल्या आत्याची की बांगड्या फोडायला आलेल्या चौघींची? दोन्ही बाजूंची संस्कृती एकच, गाव एकच, देव एकच.

नातीचं लग्न गेल्या वर्षी झालं. जातं मांडलं तेव्हा पाच जणींत सून बसली, कुंकू लावून, हिरव्या बांगड्या भरून, आणि कुणी काही बोललं नाही. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. मी तिला पुन्हा म्हटलं, चल, बस. तिने मान हलवली आणि उंबऱ्याअलीकडेच खुर्ची मागवली. ओव्या तिनेच सांगितल्या.